सगळं पाणी एकदम ओतू नकोस

तू पाण्यावर रचलेल्या पियानो पीसचं रेकॉर्डिंग काल रात्री दोनदा ऐकलं. बोटं मस्त पळतायत, पण खरं सांगू का, मिनिटभरानंतर कोणीतरी नळ चालू ठेवून गेलंय असं वाटायला लागलं. वाईट वाटून घेऊ नकोस, मी पण सुरुवातीला हेच केलंय, डाव्या हाताला अर्पेजिओ (कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचे, स्वर एकामागून एक), उजव्या हाताला अर्पेजिओ आणि स्वर घुमत ठेवणारं पेडल जे दाबलं ते पान संपेपर्यंत सोडलंच नाही.

पाणी हलतंय हे कळायला काहीतरी जागच्या जागी लागतं ना. फ्रेंच संगीतकार दबुसीचं १९०५ सालचं ‘रफ्ले दां लो’ (पाण्यातली प्रतिबिंबं) घे, सुरुवातीला वर कॉर्ड्स तरंगतायत पण मधे तीनच स्वर, ए फ्लॅट, एफ, ई फ्लॅट, अगदी सावकाश, आणि तळाशी डी फ्लॅट ठाण मांडून बसलेला. तुझ्या पीसला तळच नाहीये.

पाण्यावरच्या प्रकाशासाठी एक करून बघ. वरचा ए फ्लॅट तसाच वाजवत राहा आणि खाली नुसती कॉर्ड बदल, आधी डी फ्लॅट मेजर, मग एफ मायनर, मग एकदम ई मेजर. तिथे त्याच काळ्या पट्टीला जी शार्प म्हणायचं, एवढंच. ई मेजर आली की ढग सरकून ऊन पडल्यासारखं होतं, मला तर अजूनही दर वेळी गंमत वाटते.

पेडलचं मात्र वाचून कळणार नाही. मधला सी आणि त्याच्या वरचे ई, जी आवाज न करता हळूच दाबून धर, पेडल नको, आणि दोन सप्तकं खालचा सी जोरात मारून लगेच सोड. न वाजवलेले तीन स्वर मागे घुमत राहतात, ते ऐक, पुन्हा ऐक. अकूस्टिक, म्हणजे खऱ्या तारांच्या पियानोवरच कर हं, साध्या कीबोर्डवर काही होणार नाही. हे कानात बसलं की पेडल अर्धंच उचलायला शिक, खालचा बास टिकतो आणि वरचा गाळ निघून जातो.

आणि शेवटचे दोन बार काढून टाक प्लीज. इतकं सगळं धूसर ठेवून शेवटी डॉमिनंट-टॉनिक (पाचव्या स्वराच्या कॉर्डवरून मूळ कॉर्डवर येणारा ठरलेला शेवट), म्हणजे दार धाडकन लावल्यासारखं. राव्हेल या फ्रेंच संगीतकाराने १९०१ मध्ये ‘झ दो’ (पाण्याचे खेळ) ई मेजरमध्ये संपवताना डी शार्प तसाच लोंबकळत ठेवला, मेजर सेव्हन्थ, म्हणजे ईपासून सातवा स्वर, ईवर नेऊन सोडवलाच नाही.

नवीन व्हर्जन पाठवताना फोन पियानोवर ठेवू नकोस, यावेळी पेडलची खटखटच जास्त आलीय.