वास उडाला की उतरला?

नाशिकच्या पंचवटीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. दुकानात कागदाच्या पट्टीवर परफ्यूम हुंगला, आवडला, मनगटावर मारून घेतला. घरी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "याचा वास उतरला." यजमान म्हणाले, "वास उडतो. उतरतो तो ताप!" दोघांपैकी बरोबर कोण?

ताई बरोबर. यजमान चूक नाहीत, पण ते वेगळंच काही सांगतायत.

उडाला म्हणजे गेला, मागे काही उरलं नाही. कापूर उडतो. बूच सैल राहिलं की अत्तर उडतं. ताईंच्या मनगटावर वास होता, फक्त बिघडलेला. पेटीतला आंबा वरून पिवळाधमक असतो, कापल्यावर देठाशी किंचित आंबूस लागतो, आणि आजी फोड बाजूला सारत म्हणते, "उतरलाय हा." तेच हे उतरणे.

मागे मी मेन रोडवर असाच एक मोगऱ्याचा परफ्यूम लावून पाहिला. पट्टीवर अगदी नुकत्या खुडलेल्या कळ्या. रविवार कारंजा ओलांडून होळकर पुलावर येईस्तोवर मनगटाला जूनमधल्या वह्यांच्या प्लॅस्टिक कव्हरचा वास! उडाला असता तर बरं झालं असतं. रात्री दोनदा साबण लावला तरी हटेना.

असं होतं, कारण परफ्यूममध्ये लवकर उडणारी आणि रेंगाळणारी द्रव्यं एकत्र असतात. लिंबू-संत्र्यासारखी हलकी आधी जातात, मग फुलं. चंदन, कस्तुरी अशी जड मागे राहतात. कागद थंड नि कोरडा, तर कातडीला ऊब, तेलकटपणा, घाम; म्हणून पट्टीवरचा वास मनगटावर बदलतो. म्हणजे नवरा-बायको एकच हकीकत दोन टोकांनी सांगत होते: लिंबू उडालं, म्हणून वास उतरला.

कुणी 'विटला' सुचवेल. पण विटतो रंग, विटतो जीव. वास विटलेला मी तरी ऐकला नाही.

खरी गंमत पुढे आहे. उतरणे आलं संस्कृत 'उत्' + 'तॄ' वरून, म्हणजे पार जाणे. नदीला उतार मिळाला म्हणजे पायी ओलांडण्याजोगं पाणी झालं. हा पार पडण्याचा अर्थ 'सोनं कसाला उतरलं' यात अजून शाबूत आहे. त्यामुळे 'पट्टीवर छान होता, पण कसाला उतरला नाही' हेही बिनचूक मराठी, आणि सांगणं तेच! क्रियापद एकच, पण सोबतचा शब्द पाहायचा. कसाला उतरला तर पास, मनातून उतरला तर नापास, नुसताच उतरला तर बिघडला.

ताईंनी बाटली घेतली नसेल, तर नुसताच उतरला. पैसे मोजून झाले असतील, तर मनातूनही.