गाठ पोटात, आजार डोक्यात: डिचोलीच्या दादांना उत्तर

दादा, तुमच्या बावीस वर्षांच्या बहिणीची झोप उडाली, ती असंबद्ध बोलू लागली, मग फिट आली. आता सोनोग्राफीत अंडाशयात गाठ दिसली आहे. बांबोळीचे डॉक्टर ती लवकर काढायला सांगतात आणि घरचे म्हणतात, डोक्याच्या आजाराला पोट कशाला कापायचं? माझी भाची याच आजारातून, अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिसमधून (शरीराच्याच अँटिबॉडींमुळे होणारा मेंदूचा आजार) गेली आहे, म्हणून सांगते: अडवू नका.

अशी गाठ बहुतेकदा टेराटोमा असते. तिच्यात केस, चरबी, कधी दात, आणि मेंदूतल्यासारखा चेतापेशींचा भागही सापडतो. शरीर त्याला परकं समजून अँटिबॉडी तयार करतं आणि त्याच अँटिबॉडी मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरना, म्हणजे पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनांना, चिकटतात. ते रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात, पेशी सहसा मरत नाही. म्हणून तर माणूस परत येतो. मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी 2007 साली हा संबंध दाखवला. गाठ आत राहिली तर अँटिबॉडीचा कारखाना चालूच राहतो. स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा बदलणं या अँटिबॉडी आवरणाऱ्या उपचारांचा जोर अपुरा पडतो. बहुतेक टेराटोमा कॅन्सर नसतात. अंडाशय राखून नुसती गाठ काढता येईल का, हे सर्जनना जरूर विचारा.

एमआरआय नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका, या आजारात तो पुष्कळदा नॉर्मलच येतो. मणक्यातलं पाणी तपासायला दिलंय ना? रक्तात न सापडलेली अँटिबॉडी त्यात सापडू शकते. आमचे पाच आठवडे 'परीक्षेचं टेन्शन' हे ऐकण्यात गेले. आईने देवळात गाऱ्हाणंही घातलं. तुम्हीही घाला, पण तिला इस्पितळातून हलवू नका: श्वास आणि रक्तदाब अचानक बिघडतात, आयसीयू जवळ लागतो.

पुढचे महिने चिकाटीचे आहेत. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी ती ओळखेल अशी आशा धरू नका. भाची आधी शांत झाली, मग लहान मुलासारखी हट्टी, मग हळूहळू स्वतःची. 2013 सालच्या 577 रुग्णांच्या अभ्यासात, दोन वर्षांपर्यंत पाहिलेल्या दर दहांपैकी आठ जण आपलं आपण करण्याइतके सावरले होते. आजार उलटू शकतो, म्हणून नंतरची तपासणी आणि सोनोग्राफी चुकवू नका.

भाचीला त्या वर्षीची चवथ (गणेश चतुर्थी) अजिबात आठवत नाही. पुढच्या वर्षी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधताना तिने एकेका फळाचं नाव सांगितलं, आणि माझी बहीण देवापुढेच रडली.

उद्या ऑपरेशनची तारीख विचारा. रात्री तिच्यापाशी ओळखीचं माणूस ठेवा.