गेज कोणाचं?

नाशिक,
सप्टेंबर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ‘मी कशातच धड नाही’ हे वाक्य त्यात पुन्हा पुन्हा येतं, आणि दर वेळी त्याच्या अलीकडे दुसऱ्या कुणाचा तरी उल्लेख आहे. हिंजवडीतली मैत्रीण, लग्न ठरलेली मावसबहीण, एमपीएससीची प्रिलिम निघालेला वर्गमित्र. ती नावं खोडून पत्र वाचलं तर तक्रार निम्मी उरते.

तू अंबडच्या कारखान्यात क्वालिटीला आहेस. मायक्रोमीटर किंवा कुठलंही गेज, म्हणजे मोजायचं साधन, खरं मोजतं का हे तपासण्याची (कॅलिब्रेशनची) तारीख उलटली असेल तर त्यावर मोजून तू पार्ट रिजेक्ट करत नाहीस, आधी मायक्रोमीटर बाजूला काढतेस. स्वतःला मोजताना मात्र मैत्रिणीचं पॅकेज, आत्याचे टोमणे आणि रात्री अकराचं इन्स्टाग्राम, जे हाताला लागेल ते लावतेस. ही मापं तुझ्या कामासाठी बनलेलीच नाहीत. पॅकेज हे त्या कंपनीच्या गरजेचं माप आहे, टोमणे आत्याच्या स्वभावाचं.

‘आत्मविश्वास वाढव’ असं मी सांगणार नाही. आरशासमोर उभं राहून स्वतःची स्तुती करण्याचाही उपयोग होत नाही, कारण मन लगेच पुरावा मागतं आणि तो हाताशी नसतो. म्हणून पुरावा तयार करायचा. शंभर पानी साधी वही घे. मोबाइलमध्ये नको, तिथे लिहायला गेलीस की दुसरंच काहीतरी उघडतं. रोज झोपण्याआधी तीन ओळी: आज काय करीन म्हटलं होतं, काय केलं, मध्ये काय आलं. दहा मिनिटांच्या वर वेळ गेला तर तू निबंध लिहायला लागलीस असं समज.

पहिले चार आठवडे फक्त दोन कामं ठरव. त्यातलं एक इतकं लहान असू दे की सेकंड शिफ्ट करून रात्री साडेबाराला रूमवर आलीस तरी होईल: पाच इंग्रजी वाक्यं लिहिणं, उद्याचा डबा आणि कपडे काढून ठेवणं, असं काही. दुसरं आठवड्यातून तीनदाच, पण पाऊण तासाचं. सगळे घसरतात ते इथेच. उत्साहात पहाटे पाचला उठणं, पळणं, वाचन, ध्यान, साखर बंद, असं सगळं एकदम धरतात आणि नवव्या दिवशी सगळंच सुटतं. मग वहीत उरतो तो आपण नालायक असल्याचा नवा पुरावा.

वहीत विशेषणं लिहायची नाहीत. ‘आळशीपणा केला’ हे निकालपत्र झालं. ‘शिफ्टनंतर आडवी पडले, साडेदहापर्यंत फोन पाहिला’ ही नोंद झाली आणि नोंदीवर काहीतरी करता येतं. एखादा दिवस चुकला तर ते पान कोरं सोड, आठवून मागचं भरू नकोस. चार आठवड्यांनी ‘मध्ये काय आलं’ ही तिसरी ओळ तेवढी सलग वाच. बहुतेक वेळा दोन-तीनच कारणं आलटून पालटून येतात, आणि त्यातलं एखादं फोनची जागा बदलून किंवा झोपेची वेळ अर्धा तास अलीकडे आणून जातं.

आता मोल ठरवण्याचा हक्क कुणाचा, याबद्दल. तू पंचवटीत राहतेस, काळाराम मंदिरावरून रोज जातेस. 2 मार्च 1930 ला तिथे दलितांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आघाडीवर होते. काही वर्षं लढा चालला, दार उघडलं नाही. मार्च 1934 मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्रातून कळवलं की लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून आपण ही चळवळ सुरू केली नव्हती. आपल्या स्थितीची जाणीव त्यांच्यात जागी करायला ती सर्वांत चांगली वाट वाटली, म्हणून केली होती. पुढच्याच वर्षी, 13 ऑक्टोबर 1935 ला, येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं. तुझी अडचण त्या तोलाची नाही, हे तुलाही कळतं. पण रीत पाहा. ज्यांनी दार अडवलं होतं, आपली लायकी ठरवण्याचा हक्क त्यांच्याकडे ठेवलाच नाही. तू आत्याकडे तो स्वतःहून नेऊन देतेस.

तुझा दुसरा प्रश्न: आयुष्याचं ध्येय सापडत नाही. चोविसाव्या वर्षी ते सापडलं नाही म्हणून काही बिघडत नाही, आणि बसून विचार केल्यानं ते सापडत नाही, हेही तितकंच खरं. तू दोन वाटा लिहिल्या आहेस, स्पर्धा परीक्षा आणि निर्यातीची द्राक्षं निवडून भरतात त्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटीचं काम. दोन्ही तपासता येतात.

आधी प्रत्येक वाटेवरची तीन माणसं गाठ: एक यशस्वी, एक मधल्या टप्प्यावरचं, एक सोडून गेलेलं. सोडून गेलेल्याला सगळे टाळतात, खरी माहिती त्याच्याकडेच असते. वीस मिनिटं माग, त्याहून जास्त नको. ‘तुम्ही यशस्वी कसे झालात’ असं विचारलंस की भाषण मिळेल. त्यापेक्षा विचार: आठवड्यातला सर्वांत कंटाळवाणा दिवस कसा जातो, तिसऱ्या वर्षी हातात किती पडतात, लोक का सोडतात, पुन्हा सुरुवात केली तर आधी काय शिकाल?

मग लहान प्रमाणात करून बघ. पॅकहाऊसचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. पिंपळगाव, दिंडोरीकडे ओळखीतून एखाद्या ठिकाणी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सहा आठवडे जा. मण्याचा आकार रिंगने मोजणं, रिफ्रॅक्टोमीटरवर गोडी बघणं, रिजेक्शन वेगळं काढणं हे तुझ्या हातचंच काम आहे. पण थंडगार हॉलमध्ये आठ-दहा तास उभं राहणं आवडतं का, हे तिथे उभं राहिल्यावरच कळेल. ‘उरलेले आठ महिने काय?’ हेही तिथल्याच माणसांना विचार, कारण वर्षभराच्या पगारावर मोजकीच माणसं असतात.

स्पर्धा परीक्षेचं वेगळं. तिथे प्रयत्न करून बघणं म्हणजे नोकरी सोडणं, असा समज आहे. सोडू नकोस. सहा महिने नोकरी सांभाळून आठवड्याला बारा तास अभ्यास, आणि दर महिन्याला एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून. सार्वजनिक वाचनालय 1840 पासून गावात आहे, रूमवर अभ्यास होत नसेल तर तिथल्या व्यवस्थेची चौकशी कर. थांबायचं कधी, ते सुरू करण्याआधी वहीत तारखेसकट लिही: अमुक प्रयत्न, अमुक महिना. मागाहून ठरवायला गेलं की ‘आता इतकी वर्षं घातलीच आहेत तर’ हे वाक्य येतं, आणि त्या वाक्यानं किती तरुण पुण्याच्या पेठांत अडकून पडलेत ते तू पाहिलंच आहेस. नुसती पदवी पूर्ण करायची असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच गावचं आहे. 1989 मध्ये ते नोकरी-घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच निघालं.

पैशांचं थोडक्यात. स्वाभिमान नुसत्या विचारांवर टिकत नाही, खात्यातही काहीतरी लागतं. तुझा महिन्याचा खर्च अकरा हजार म्हणालीस. तीन महिन्यांचे तेहतीस हजार वेगळ्या खात्यात हवेत. बँकेत महिना अडीच हजारांची आरडी (आवर्ती ठेव) लावलीस तर तेरा-चौदा महिन्यांत होतात. ते असले की सुपरवायझरच्या अंगावर येणाऱ्या बोलण्याला शांतपणे उत्तर देता येतं. तू कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर आहेस, तेव्हा युएएनचं, म्हणजे तुझ्या पीएफ क्रमांकाचं, पासबुक दर तिमाहीला उघडून बघ. बेसिक आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्के पगारातून कापले जातात. ते खरोखर जमा होतात का, हे तुझ्याशिवाय कुणी बघणार नाही.

‘माझं असं कुणीच नाही’ हे मात्र मला पटलं नाही. तुझ्याच पत्रात दोन माणसं आहेत: रूममेट आणि शाळेतली ती सिन्नरची मैत्रीण. त्यांना तू फक्त रडायला फोन करतेस. नातं हे ठरलेल्या वेळेवर टिकतं. आठवड्यातला एक वार धर, गंगापूर रोडला गोदा पार्कात चाळीस मिनिटं चाला, फोन पिशवीत. समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नाही ते शेजारी चालताना निघतं, कारण डोळ्यांत बघावं लागत नाही. तिनं काही सांगितलं की लगेच उपाय काढू नकोस, आधी विचार, ‘नुसतं ऐकू, की काही सुचवू?’ पुढच्या आठवड्यात त्याच गोष्टीची चौकशी स्वतःहून कर. यात फारसे शब्द खर्च होत नाहीत, लक्षात मात्र ठेवावं लागतं.

नकार द्यायला शीक. तू पाच हजार उसने दिलेस आणि आता त्या मुलीशी बोलणंच बंद झालंय. परत आले नाहीत तरी चालतील एवढेच पैसे द्यावेत, नाहीतर ‘मला जमणार नाही’ एवढंच म्हणून थांबावं. चार कारणं दिलीस की समोरचा एकेक कारण सोडवत बसतो आणि शेवटी तू ‘बरं’ म्हणतेस. माफी मागायची वेळ आली तरी तसंच, मी काय केलं ते एका वाक्यात, आणि त्यात ‘पण’ नको. व्हॉट्सॲपवर तर नकोच, निळ्या खुणा बघत रात्र जाते.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच उदास वाटत असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर वह्या-बिह्या बाजूला ठेव. 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मरणाचा विचार मनात आला तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच क्षणी फोन करायचा आणि रूममेटला उठवायचं.

राहिलं वडिलांशी बोलणं. स्थळं थांबवायची आहेत आणि ते कसं सांगू, असं विचारलंस. फोनवर नाही, निफाडला जाऊन, आणि आईला आधी सांगून, म्हणजे तिला दोघांच्या मध्ये सापडल्यासारखं होणार नाही. ‘मला लग्नच करायचं नाही’ असं रागानं म्हणालीस तर पुढची सगळी चर्चा त्या वाक्यावर होईल. त्याऐवजी मुदत सांग: दोन वर्षं, त्यात काय करणार, आणि आरडीचं पासबुक समोर ठेव. शेतकरी माणूस आहे, त्यांना आकडा आणि महिना कळतो. ते लगेच ‘हो’ म्हणणार नाहीत. त्या दिवशी उत्तर मागू नकोस, पंधरा दिवसांनी पुन्हा येते म्हणून सांग आणि खरंच जा.

वडिलांशी हे बोलणं याच महिन्यात कर. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की पहिले दोन महिने डावणी रोगाच्या फवारण्यांपुढे त्यांना धड जेवायला फुरसत नसते. त्यात पाऊस झाला तर बागेशिवाय दुसरा विषय त्यांच्या कानात शिरणार नाही.

तुझी,
बाई