वाचकांचे प्रश्न: स्ट्रॉबेरीचा सॉर्बे दगडासारखा का होतो?

ताज्या स्ट्रॉबेरीचा सॉर्बे (दूध न घालता फळाचा गर, साखर आणि पाणी गोठवून केलेला मऊ पदार्थ) घरी करून पाहिलेल्या वाचकांचे बरेच प्रश्न आले. कुणाचा कडक झाला, कुणाचा जमलाच नाही, कुणाच्या सॉर्बेचा रंग गेला. तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण त्यातल्या निम्म्याहून अधिक साखरेच्या प्रमाणापाशी येऊन थांबतात. म्हणून तुमचा प्रश्न वेगळा असला तरी पहिलं उत्तर जरूर वाचा.

प्रश्न: अर्धा किलो स्ट्रॉबेरी, 60 ग्रॅम साखर आणि 120 मिली पाणी मिक्सरमधून काढून डब्यात भरलं. चव छान होती, पण दुसऱ्या दिवशी चमचा आत जाईना. फळात काही दोष होता का?

फळाचा दोष नाही, साखर कमी पडली. सॉर्बेत साखर फक्त गोडीसाठी नसते. पाणी गोठताना त्याचा शुद्ध बर्फ होतो आणि साखर उरलेल्या पाण्यात साठत जाते. तो पाक जितका दाट होतो, तितक्या कमी तापमानाला गोठतो. म्हणून फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवरही सगळं पाणी गोठत नाही. बर्फाच्या कणांमध्ये पाकाचा पातळ थर राहतो आणि त्यामुळेच चमचा आत जातो. साखर कमी म्हणजे हा थर कमी.

तुमच्या मिश्रणाचा हिशोब करू. स्ट्रॉबेरीत साधारण 8 टक्के साखर असते, म्हणजे 500 ग्रॅम फळातून 40 ग्रॅम आली. वरची 60 धरून 100 ग्रॅम. एकूण वजन 680 ग्रॅम. साखर 15 टक्क्यांच्या आसपास. इतक्या साखरेवर उणे 18 अंशांना मिश्रणाचा ढोबळमानाने तीन चतुर्थांश भाग बर्फ होतो. सॉर्बेला एकूण साखर 25 ते 30 टक्के लागते. 27 टक्क्यांवर बर्फाचं प्रमाण निम्म्याहून थोडंसंच जास्त राहतं, आणि पोत मऊ येतो.

टाकून देऊ नका. डबा फ्रिजमध्ये ठेवून मिश्रण पूर्ण वितळू द्या, त्यात 115 ग्रॅम साखर पूर्ण विरघळवा आणि एका लिंबाचा रस घाला. साखर 27 टक्क्यांवर येईल. मग पुन्हा गोठवा. मिश्रण साध्या तापमानाला चाखून पाहिलंत तर थोडं जास्तच गोड लागेल, ते तसंच लागायला हवं. थंडीत जिभेला गोडी कमी जाणवते. सरबतासारखं बेताचं गोड केलेलं मिश्रण गोठल्यावर फिकं लागतं आणि कडकही होतं.

फळाची गोडी दरवेळी सारखी नसते. रिफ्रॅक्टोमीटर (रसातल्या साखरेची टक्केवारी दाखवणारं छोटं उपकरण) असेल तर उत्तम: गाळलेल्या रसाचा थेंब ठेवा आणि आकडा 26 ते 29 मध्ये आणा. नसेल तर कवचासकट धुतलेलं ताजं अंडं गाळलेल्या थंड मिश्रणात अलगद सोडा. ते तरंगून साधारण अडीच सेंटिमीटर रुंदीचा गोल वर दिसला तर साखर बरोबर. अंडं बुडालं किंवा अगदी छोटा ठिपका दिसला तर साखर वाढवा. त्याहून बराच मोठा भाग वर आला तर फळाचा गर किंवा पाणी वाढवा. अंडं ताजंच हवं, शिळं अंडं हलकं होतं आणि फसवतं. गर न गाळता ही चाचणी करू नका, दाट गरात अंडं अडकून राहतं.

प्रश्न: आइस्क्रीमचं यंत्र नाही. खात्रीचं प्रमाण आणि सगळी कृती द्याल का?

देठ काढल्यानंतरच्या 500 ग्रॅम स्ट्रॉबेरी, 160 ग्रॅम साखर, 50 मिली पाणी, 15 मिली लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. लिक्विड ग्लुकोज मिळत असेल तर साखर 30 ग्रॅमने कमी करून ते 40 ग्रॅम घाला. त्याने बर्फाचे कण बारीक राहतात आणि गोडीही उगाच वाढत नाही. नसेल तर अडून राहू नका.

फळ देठापर्यंत लाल आणि वासाचं घ्या. तोडल्यानंतर स्ट्रॉबेरी पिकत नाही. खांद्याशी पांढरी असलेली चार दिवस ठेवली तर मऊ होईल, गोड होणार नाही. मऊ पडलेली, थोडी दबलेली फळं चालतात, बुरशी लागलेलं एकही नको. धुणं देठासकट उरका आणि मग देठ काढा. आधी देठ काढला तर त्या खड्ड्यातून पाणी आत शिरतं आणि चव पातळ होते.

फोडी करून साखर लावा आणि झाकून तासभर ठेवा. साखर रस ओढून घेते आणि त्यातच विरघळते, पाक करायची गरज पडत नाही. मधूनमधून ढवळा. तळाशी खर लागत नाही याची बोटाने खात्री करून घ्या, कारण न विरघळलेली साखर जिभेला वाळूसारखी लागते. मग मिक्सरमधून काढा, बारीक गाळणीतून गाळा, पाणी, लिंबू, मीठ घाला आणि झाकून फ्रिजमध्ये किमान 4 तास ठेवा. कोमट मिश्रण थेट फ्रीझरमध्ये ठेवलं तर ते सावकाश गोठतं, आणि सावकाश गोठणं म्हणजे मोठे कण.

धातूच्या पसरट ताटात 2 सेंटिमीटर जाडीचा थर ओता. खोल डबा घेऊ नका, त्याच्या कडा गोठतात आणि मधला भाग तासन्‌तास पातळ राहतो. 3 ते 4 तासांनी थर घट्ट होतो, पण सुरीने कापता येतो. त्याचे दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे करून फूड प्रोसेसरमध्ये किंवा मिक्सरच्या मोठ्या भांड्यात थोडे थोडे फिरवा. सुरुवातीला खडखडाट होतो आणि नुसता चुरा दिसतो. इथेच बरेच जण थांबतात. भांड्याच्या कडा खाली ओढून पुन्हा 10-10 सेकंद फिरवत राहा. चुरा पात्याभोवती गोळा होतो, गडद लाल रंग फिका गुलाबी होतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत दिसू लागतो. रंग फिकटला म्हणजे हवा मिसळली. तेवढ्यावर थांबा. सलग फिरवत राहिलात तर पातं तापून सगळं वितळेल. आधीच फ्रीझरमध्ये गार केलेल्या डब्यात भरून 3 तास ठेवा. याहून तलम हवा असेल तर तासाभराने डब्यातलं पुन्हा एकदा फिरवून घ्या, फरक लगेच कळतो.

वाढण्याआधी 5 ते 10 मिनिटं बाहेर काढून ठेवा.

प्रश्न: फळ साखरेत शिजवून मग गोठवलं. रंग विटकरी आला आणि चव जॅमसारखी लागली.

शिजवल्यामुळेच. स्ट्रॉबेरीचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा असतो. ती उष्णतेने मोडतात, आणि ताज्या फळाचा वासही वाफेबरोबर निघून जातो. एकतारी पाकाची इथे काहीच गरज नाही. पाण्यात साखर विरघळवूनच घ्यायची असेल तर विरघळली की गॅस बंद करा आणि पाक पूर्ण गार झाल्यावरच गरात मिसळा.

लिंबू टाळू नका. आंबटपणामुळे ही रंगद्रव्यं लाल राहतात, आम्ल कमी झालं की जांभळट छटा येते. चवीलाही त्याचा मोठा आधार आहे, लिंबाशिवाय 27 टक्के साखर जिभेला जड वाटते. भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चिनी मातीचं घ्या. लोखंडी, तांब्याच्या किंवा साध्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट गर ठेवून दिला तर रंग आणि चव दोन्ही बिघडतात. गोठवायचं ताटही स्टीलचंच बरं.

प्रश्न: चवीला हलका कडवटपणा आणि दाताखाली कचकच. बिया काढायच्या का?

मिक्सर फार वेळ फिरला की बिया भरडल्या जातात, आणि कडवटपणा तिथून येतो. 20 सेकंदांत गर होतो, तेवढं पुरे. नंतर स्टीलच्या बारीक गाळणीत चमच्याच्या पाठीने गोल घासत गाळा. वर फक्त बिया आणि थोडा कोरडा चोथा उरायला हवा. ओला गर उरला असेल तर अजून घासा. घट्टपणा त्यातच असतो. थोड्या बिया दिसायला छान वाटतात म्हणून कुणी एक चमचा परत घालतं, तेही चालेल, फक्त त्या अख्ख्या हव्यात.

प्रश्न: आइस्क्रीमच्या यंत्रात 400 ग्रॅम स्ट्रॉबेरी, 250 ग्रॅम साखर, 100 मिली पाणी घातलं. 45 मिनिटं फिरवूनही पातळच. यंत्र बिघडलं आहे का?

यंत्राला दोष देण्याआधी आकडे बघा. फळातली 32 धरून साखर 282 ग्रॅम, एकूण वजन 750, म्हणजे जवळजवळ 38 टक्के. इतक्या साखरेचं मिश्रण गोठलं तरी गिच्चच राहील. साधारण 360 ग्रॅम स्ट्रॉबेरीचा गर आणि थोडं लिंबू वाढवा, साखर 28 टक्क्यांवर येईल. पाणी घालूनही प्रमाण जुळतं, त्याला सुमारे 255 मिली लागेल, पण चव बरीच पातळ होते. फळ असेल तर फळच घाला. मिश्रण आता दीडपटीच्या जवळ जाईल, तेव्हा दोन वेळा फिरवा. भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचं नाही.

प्रमाण बरोबर असूनही जमत नसेल तर भांडं पुरेसं गोठलेलं नसतं. ते 24 तास फ्रीझरमध्ये हवं आणि हलवल्यावर आत द्रव हिंदकळल्याचा आवाज येता कामा नये. मिश्रण फ्रिजमधलं थंड, 5 अंशांच्या खाली. आधी पातं सुरू करायचं आणि मग मिश्रण ओतायचं, नाहीतर ते कडेला चिकटून गोठतं आणि पातं अडतं. 20 ते 30 मिनिटांत पात्याच्या रेघा उमटून तशाच राहू लागल्या की काम झालं. यंत्रातून सॉर्बे मऊच निघतो. पुढचा घट्टपणा फ्रीझरमध्ये 3-4 तासांत येतो, त्यासाठी यंत्र ताणू नका.

मद्य घातलं असेल तर तेही गोठू देत नाही. या प्रमाणाला एक मोठा चमचा पुरे.

प्रश्न: घरात मधुमेही आहेत. साखरेऐवजी स्टीव्हिया घालून चालेल का?

गोड होईल, सॉर्बे होणार नाही. स्टीव्हिया किंवा सुक्रालोज चिमूटभर लागतं आणि गोठणबिंदूवर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, त्यामुळे हाती बर्फाची लादी येते. एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायचा दाणेदार गोड पदार्थ) भरपूर घालता येतं, पण थंडीत ते फारसं विरघळलेलं राहत नाही. त्याचे खडे सुटतात आणि कचकच लागते.

त्यापेक्षा ग्रॅनिटा करा. त्यात कण सुटे आणि खरखरीतच हवे असतात, म्हणून कमी साखर चालते. 500 ग्रॅम स्ट्रॉबेरीचा गर, 100 मिली पाणी, 40 ग्रॅम साखर आणि लिंबू पसरट ताटात गोठवा आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने काट्याने खरवडत राहा, कडेचं मध्ये आणत. तीन-चार तासांत हलका भुगा तयार होतो. गोडी कमी वाटली तर इथे थोडा स्टीव्हिया घालायला हरकत नाही. पण हा पदार्थ साखरमुक्त नाही, फळाची साखर त्यातही आहेच. किती खायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

प्रश्न: पहिल्या दिवशी मऊ होता, आठवड्याने वर बर्फाची भुकटी आणि आत मोठे स्फटिक. असं का?

फ्रीझरचं तापमान सतत थोडं वरखाली होतं. दार उघडलं की बारीक कण वितळतात, पुन्हा गोठताना ते पाणी मोठ्या कणांवर जाऊन बसतं, आणि मोठे कण आणखी मोठे होतात. हे पूर्ण थांबवता येत नाही, लांबवता येतं. डबा काठोकाठ भरेल एवढाच घ्या, बटर पेपर सॉर्बेच्या पृष्ठभागाला चिकटवून दाबा, वर घट्ट झाकण, आणि जागा फ्रीझरच्या आतल्या बाजूला, दाराजवळ नको. अख्खा डबा बाहेर काढून अर्धा वितळवायचा आणि परत ठेवायचा, हे तर मुळीच नको. दोन छोटे डबे करा.

जास्त दिवस ठेवायचाच असेल तर झँथन गम (मिश्रण दाट करणारी भुकटी) उपयोगी पडतो, 700 ग्रॅम मिश्रणाला 1 ग्रॅम. तो कोरड्या साखरेत नीट मिसळूनच घाला, थेट रसात टाकला तर गुठळ्या होतात आणि त्या काही केल्या फुटत नाहीत. जास्त घातलात तर सॉर्बे लाळेसारखा तार धरतो. एवढं करूनही पहिल्या आठवड्यातली चव नंतर राहत नाही.

प्रश्न: तळाशी लाल पाक साचतो आणि वरचा भाग पांढरट, बेचव. साखर जास्त झाली का?

कधी कधी तेही असतं, पण वर बेचव बर्फ असेल तर मिश्रण न ढवळता, सावकाश गोठलं आहे. बर्फ होताना पाणी साखर आणि रंग बाहेर ढकलतं, आणि तो दाट पाक खाली उतरतो. पसरट ताट आणि मधलं फिरवणं याच्यासाठीच आहे. आता पूर्ण वितळवा, ढवळून एकजीव करा, थंड करा आणि ताटात पातळ थर देऊन पुन्हा गोठवा.

प्रश्न: फ्रोझन स्ट्रॉबेरी चालतील का?

चालतील. पिकल्यावर तोडून गोठवलेली फळं असतील तर हंगामाबाहेरच्या फिक्या ताज्या फळापेक्षा चांगलीच. पाकिटावर साखर घातल्याचं लिहिलं असेल तर ती हिशोबात धरा. वितळताना सुटलेला रस ओतून देऊ नका, अर्धी चव त्यातच असते. तो धरून 500 ग्रॅम मोजा आणि वरचं 50 मिली पाणी आधी न घालता अंड्याची चाचणी करून मगच ठरवा.