बरा झाल्याचं सोंग

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

परवाची तालीम शेवटच्या रांगेत बसून पाहिली आणि तुला न भेटताच निघालो. भेटलो असतो तर नको इतकं बोललो असतो.

आपल्या 'गुन्हा आणि शिक्षा' नाटकातला तुझा रास्कोल्निकोव आई-बहीण खोलीत आल्याबरोबर चोरटं बघायला लागतो. आवंढे गिळतो, तळहात पुसतो. अरे, याने खून केलाय हे प्रेक्षकांना आधीच ठाऊक आहे! ज्यांना ते कळू द्यायचं नाही, ती माणसं त्याच्यासमोर खोलीत बसली आहेत. त्यांच्यापुढे तो धडधाकट दिसायला धडपडतोय. ती धडपड कर, चोरी मी बघून घेईन.

मूळ कादंबरी पुन्हा काढ, तिसऱ्या भागातलं तिसरं प्रकरण. आपल्या संहितेत त्याची दीड पानं उरली आहेत, तेवढ्यावर भागणार नाही. १८६६ साली ही कादंबरी मासिकातून क्रमशः येत होती. दस्तयेवस्कीने या प्रसंगात नटासाठी सगळं लिहून ठेवलंय. कित्येक दिवसांनी रास्कोल्निकोव अंग धुऊन, केस विंचरून, नीट कपडे घालून कोचावर बसलाय. डॉक्टर झोसिमोव आनंदाने सांगतो, हा बरा आहे. तोही म्हणतो, हो, मलाही बरं वाटतंय. पण चेहरा कसा? कुठे तरी जबर दुखापत झालेल्या माणसासारखा. फक्त हात झोळीत नाही, एवढंच.

माझे वडील शेवटच्या आजारात कुणी भेटायला आलं की आधी कंगवा मागायचे. उशीला टेकून बसायचे आणि 'आता बराय की' म्हणायचे. त्यांनी कुणाचा खून केला नव्हता, पण त्या कंगव्यात किती ताकद खर्च व्हायची ते मी पाहिलंय. तुझ्या बसण्यात मला ती ताकद हवी.

तो आईची, बहिणीची माफी मागतो. बहिणीच्या, दुन्याच्या मनात येतं, हा समेट करतोय की पाठ केलेला धडा म्हणून दाखवतोय? झोसिमोवलाही नवल वाटतं, की काल भ्रमिष्टासारखा वागणारा रुग्ण आज स्वतःला इतकं कसं आवरतोय. म्हणजे सोंग दिसायचं ते या दोघांच्या डोळ्यांत. त्यांचं काम तू हिसकावून घेऊ नकोस.

त्याच दिवशी तो खुनाचा तपास करणाऱ्या पोर्फिरीकडे हसत हसत शिरतो, तेही याच दृष्टीने वाच. तिथे तो खोटं हसत नाही. वाटेत मित्राला, राझुमिखिनला मुद्दाम चिडवून खरंच हसू येईल अशी तजवीज करतो. फार लबाड नट आहे हा!

पण आईसमोर ही लबाडी पुरत नाही. तो बहिणीकडे हसून हात पुढे करतो. तेवढं हसू खरं आहे, लेखकाने तसं स्पष्ट लिहिलंय, तेव्हा तिथे काहीही लपवू नकोस. मग आई भडभडून बोलायला लागते आणि तो तिला थांबवतो, की बोलू गं, मनसोक्त बोलायला वेळ आहे. हे तोंडातून बाहेर पडतं आणि तो पांढराफटक पडतो. आता कधीच, कुणाशीच, कशाबद्दलच मोकळेपणी बोलता येणार नाही, हे त्याला स्वतःचंच वाक्य ऐकून कळतं. इतका वेळ तो इतरांना फसवत होता. हे खोटं मात्र त्याला स्वतःला ऐकू आलंय.

परवा तू इथे थांबलास, प्रेक्षकांकडे पाहिलंस, सुस्कारा सोडलास. कादंबरीत तो सगळं विसरून उठतो आणि कुणाकडेही न बघता दाराकडे चालू लागतो. राझुमिखिन त्याचा दंड धरतो म्हणून थांबतो, नाहीतर गेलाच असता.

तेव्हा गुरुवारी नुसता दाराकडे चाल. दंड धरला जाईल या भरवशावर पाऊल आखडू नकोस. राझुमिखिन करणाऱ्या पोराला मी बजावलंय, जरा उशिराच उठ म्हणून.

तुझा,
सर