राजीनाम्यावर सही करू नका

प्रश्न : चाकणच्या एका खासगी कारखान्यात मी मशिनवर आहे. दीडशेच्या वर कामगार आहेत. 2008 पासून एचआयव्हीवरची औषधं (एआरटी) चालू आहेत. सुरुवातीच्या गोळ्यांत स्टॅव्हुडीन होतं. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण तळपायांची आग आणि मुंग्या काही गेल्या नाहीत. बसून करायचं काम मिळावं म्हणून एचआरला फाईल दाखवली, तर ‘राजीनामा द्या, नाहीतर काढून टाकू’ म्हणाले. आता सुपरवायझरलाही सगळं कळलंय. सरकारी दवाखान्यावर दावा लावू का?

उत्तर : दवाखान्याचा विचार सोडा. स्टॅव्हुडीनने नसांना इजा होते हे खरं. पण त्या काळी सरकारी केंद्रांवर तेच औषध सर्रास दिलं जाई. निष्काळजीपणा सिद्ध होणार नाही. शिवाय सगळ्यांना मोफत मिळणारे उपचार ग्राहक कायद्यात बसत नाहीत.

तुमची खरी बाजू भक्कम आहे ती नोकरीत. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे आणि तो खासगी मालकालाही बांधतो. कलम 3 प्रमाणे काढायचं असेल तर दोन कागद तुमच्या हातात द्यावे लागतात. एक, तुम्ही या कामाला अयोग्य आहात किंवा तुमच्यापासून इतरांना संसर्गाचा मोठा धोका आहे, असा स्वतंत्र डॉक्टरचा लेखी अहवाल. दुसरा, कामात थोडा बदल करून देणं कंपनीला का परवडत नाही, याचं लेखी निवेदन. एक स्टूल आणि दुसरं टेबल का परवडत नाही, हे लिहून देताना त्यांची पंचाईतच होईल. म्हणून तर राजीनामा मागतायत! तो दिलात की दोन्ही कागदांची गरज संपली.

डॉक्टरचं पत्र घ्या, पण शब्द बघून घ्या. ‘कामास अयोग्य’ असं लिहिलेलं पत्र कंपनीच्याच कामी येईल. ‘बसून काम करण्यास योग्य, सलग उभे राहणे टाळावे’ एवढंच हवं. ते जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

विश्वासाने सांगितलेलं तुमच्या संमतीविना सुपरवायझरला सांगणं हा कलम 8 चा भंग आहे. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. तक्रार आधी त्याच्याकडे करा. दाद मिळाली नाही तर राज्याने याच कायद्याखाली नेमलेल्या लोकपालाकडे जा. त्याचा आदेश मोडला तर दंड आहे.

नाव फुटण्याची भीती असेल तर कोर्टाला टोपणनावाने प्रकरण चालवता येतं. मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्येच एका रोजंदारी कामगाराचा खटला नाव झाकून चालवला होता, आणि काम करण्याची क्षमता असताना केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल दिला होता.