पाचारण कोणाला म्हणावे?

प्रश्न : मी एसटीच्या आगारात 26 वर्षे मेकॅनिक आहे. आमच्या मंडळीतला कोणी तरुण पाळक होण्यासाठी सेमिनरीत (पाळकांच्या शिक्षणसंस्थेत) निघाला, की ‘त्याला पाचारण झाले’ असे म्हणून त्याच्यासाठी खास प्रार्थना होते. मागे एकदा धाकट्या मुलाने विचारले, “पप्पा, तुम्हाला नाही झालं का पाचारण?” मला उत्तर सुचले नाही. ब्रेक दुरुस्त करणाऱ्यालाही देवाने बोलावलेले असते, असे म्हणता येईल काय?
– एक वाचक, जिल्हा अहिल्यानगर

उत्तर : म्हणता येईल, मात्र आधी या शब्दाचा गुंता सोडवावा लागेल. नव्या करारात ‘पाचारण’ हा शब्द मुख्यतः ख्रिस्ताकडे येण्याच्या बोलावण्यासाठी येतो, आणि ते बोलावणे पाळकाला जसे आहे तसेच ते आपल्यालाही आहे. पुढे मध्ययुगीन युरोपात तो शब्द आकसत मठवासी आणि धर्मगुरू यांच्यापुरता उरला. हे कुंपण जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी मोडले, आणि ते स्वतः मठातले संन्यासी होते हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. 1520 साली जर्मन सरदारवर्गाला उद्देशून लिहिताना त्यांनी चांभार, लोहार आणि शेतकरी या तिघांची नावे घेऊन सांगितले, की प्रत्येकाचा धंदा वेगळा असला तरी ते सारे सारखेच अभिषिक्त याजक आहेत. जर्मन भाषेत पाचारणाशी नाते सांगणारा ‘बेरूफ’ हा शब्द आज साध्या व्यवसायासाठी वापरला जातो, त्यामागे लूथर यांच्या या शिकवणीचा मोठा वाटा आहे.

पवित्र शास्त्रात याची मुळे आणखी जुनी आहेत. जुन्या करारातील निर्गम या पुस्तकाच्या 31व्या अध्यायात देव बसालेलाचे नाव घेऊन त्याला बोलावतो आणि आपल्या आत्म्याने परिपूर्ण करतो. हा बसालेल संदेष्टा नव्हता, राजाही नव्हता. सोने, रुपे, पितळ आणि लाकूड यांचे काम करणारा तो कारागीर होता. (हा अध्याय आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच वाचला जातो, हे माझे निरीक्षण.) प्रेषित पौल करिंथ येथे अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करीत असे, हे आपण जाणताच.

आता आपल्या ब्रेकविषयी. देवाला आपल्या दुरुस्तीची गरज नाही, गरज आहे ती पहाटेच्या गाडीने बाजाराला निघालेल्या बाईला. ती आपले नाव जाणत नाही आणि घाटाच्या उतारावर तिला ब्रेकची आठवणही होत नाही. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आपल्यापुरती त्या ब्रेकमध्ये आहे. म्हणून तपासणीच्या कागदावर न तपासता सही करणे हा केवळ खात्याचा नियमभंग ठरत नाही, तो त्या बाईशी केलेला द्रोह ठरतो.

येथे एक सावधगिरी हवी. करिंथकरांस पहिल्या पत्रात (7:20) पौल लिहितो, की ज्या स्थितीत पाचारण झाले त्याच स्थितीत प्रत्येकाने राहावे. हे वचन सुटे काढून ‘बापाचा धंदा तोच देवाने नेमलेला’ असा अर्थ लावला, तर ती जातीचीच शिकवण होते. नगर जिल्ह्यातील आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांवर गावकीची कामे जन्माने लादलेली होती. ती टाकून ते शाळेत, छापखान्यात, दवाखान्यात गेले, तेव्हा त्यांनी पाचारण मोडले असे कोण म्हणेल? पुढच्याच ओवीत पौल दासाला सांगतो, की मोकळे होता येत असेल तर ती संधी घे. आपला मुलगा मेकॅनिक झाला नाही तरी बिघडत नाही. त्याला आपण एवढेच सांगावे, की मलाही पाचारण झाले आहे आणि सध्या ते मी आगारात पार पाडतो आहे.

प्रश्न : मी एका धर्मादाय रुग्णालयात परिचारिका आहे. पगार तीन-तीन महिने थकतो. विचारले, तर ‘ही नोकरी नाही, सेवा आहे’ असे ऐकावे लागते. मागणी करणे अविश्वासाचे आहे का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : मुळीच नाही. मजूर आपल्या मजुरीला पात्र आहे, हे प्रभूने शिष्यांना प्रचारासाठी पाठवताना, म्हणजे सेवेच्याच संदर्भात, सांगितले आहे (लूक 10:7). याकोबाच्या पत्राच्या 5व्या अध्यायात तर अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. पोप लिओ तेरावे यांनी 1891 सालच्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात रास्त मजुरी हा मालकाच्या औदार्याचा नव्हे, न्यायाचा प्रश्न मानला. सेवा हा शब्द आपण स्वतःच्या कामाविषयी उच्चारावा. देणेकऱ्याने तो आपल्याला ऐकवू नये. थकलेल्या महिन्यांचा हिशेब तारखांसह लिहून विश्वस्तांना द्यावा, पोच घ्यावी, आणि सहकारी भगिनींच्या सह्या मिळत असतील तर त्याही घ्याव्यात.